सॉड हाउस: माळाच्या मातीचं घर कसं रचतात आणि कसं टिकवतात

नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा, ओक्लाहोमा आणि सीमेपलीकडचं कॅनडातलं सस्कॅचवान. उत्तर अमेरिकेच्या या मधल्या पट्ट्यात मैलोन्‌मैल गवत होतं आणि झाड शोधूनही सापडत नसे. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं अमेरिकेच्या बाजूला किरकोळ फी भरून १६० एकर जमीन मिळू लागली. अट अशी की पाच वर्षं तिथं राहायचं, जमीन कसायची आणि राहतं घर बांधायचं. (ही जमीन काही ओसाड पडलेली नव्हती. पॉनी, लकोटा आणि इतर जमातींना हुसकावून ती मोकळी केलेली होती. पॉनी लोक स्वतः लाकडी सांगाड्यावर माती चढवलेल्या मोठ्या गोल घरांत राहत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.) लाकूड रेल्वेनं यायचं आणि नव्यानं आलेल्या माणसाला परवडायचं नाही. मग लोकांनी पायाखालची जमीनच नांगरानं सोलली, तिच्या विटा केल्या आणि भिंती उभ्या केल्या.

गवताच्या मुळांनी घट्ट विणलेला जमिनीचा हा वरचा थर म्हणजे सॉड. त्याचं घर ते सॉड हाउस, बोलीत ‘सॉडी’. शाळेसाठी किंवा संग्रहालयासाठी नमुन्याचं घर बांधायचं असेल, जुन्या घराच्या देखभालीला हात लावायचा असेल, किंवा एखादं जपलेलं घर पाहताना आपण काय पाहतोय हे समजून घ्यायचं असेल, तर पुढची माहिती उपयोगी पडेल. एक गोष्ट आधीच मनात धरा: भिंत रचणं सोपं आहे, तिच्यापासून पाणी लांब ठेवणं अवघड आहे. या घराचं आयुष्य छपरावर आणि भिंतीच्या पायथ्यावर ठरतं. मधली भिंत सहसा दगा देत नाही.

सॉड कुठली आणि कधी कापायची

कधीच नांगर न लागलेल्या माळाचीच सॉड चालते. बफेलो ग्रास, लिटल ब्लूस्टेम, ओलसर जागी वाढणारं कॉर्डग्रास यांची मुळं बारीक, दाट आणि चिवट असतात. मातीला ती वर्षानुवर्षं बांधून ठेवतात. लॉनची सॉड इथं कामाची नाही. ती जेमतेम इंचभर जाडीची, मुळं उथळ, आणि बऱ्याचदा भुसभुशीत खतमातीवर वाढवलेली. दोन-चार थर चढले की ती चिखलासारखी दबते. कधीकाळी नांगरलेल्या आणि पुन्हा गवत माजलेल्या शेतातली सॉडही कमकुवत निघते, कारण मुळांचं जुनं जाळं एकदा तुटलं की काही वर्षांत परत तयार होत नाही.

जमीन ओलसर पाहिजे, ओली नको. वसंतात किंवा चांगला पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी कापणं सोयीचं. कोरड्या जमिनीत पट्टी उचलताना फुटते. फार ओल असेल तर वीट जड होते, वाकते आणि भिंतीत बसल्यावर जास्त आकसते. पारख सोपी: एक वीट कापा, दोन्ही टोकांना धरून उचला आणि छातीइतक्या उंचीवर न्या. मधोमध थोडी झुकून ती एकसंध राहिली तर ओल बरोबर. माती झडू लागली तर थांबा, पाऊस पडू द्या.

कापायला साधा नांगर चालत नाही. तो माती उलटतो आणि फोडतो. वसाहतकरी ‘ग्रासहॉपर प्लाऊ’ वापरत. त्याचा फाळ जमिनीखाली आडवा सरकतो, आणि माती पलटवणाऱ्या वक्र पत्र्याच्या जागी लोखंडी सळया असतात. त्यांच्यावरून पट्टी न मोडता हळूच कुशीवर वळते. पुढची फिरती तबकडी पट्टीच्या कडा सरळ कापते. पट्टी १२ ते १८ इंच रुंद आणि ३ ते ४ इंच जाड ठेवतात. जाडी वाढवण्याचा मोह टाळा. चार इंचांच्या खाली मुळं विरळ होत जातात आणि विटेच्या तळाला लोंबणारी सुटी माती पुढे भिंतीतून ओघळते.

पट्टीचे तुकडे धारदार फावड्यानं करा. लांबी २ किंवा ३ फूट, पण सगळ्या विटांची एकच. त्यासाठी फावड्याच्या दांड्यावरच खूण करून ठेवा. एका दिवसात रचून होतील तेवढ्याच विटा कापायच्या. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या विटेच्या कडा वाळतात, मग ती शेजारणीशी बिलगत नाही आणि तो सांधा कायमचा उघडा राहतो.

आज एक अडचण मोठी आहे. न नांगरलेला माळ फार थोडा उरलाय आणि बऱ्याच ठिकाणी तो संरक्षित आहे. एकदा सोललेली जागा आपल्या हयातीत पूर्ववत होईल याचा भरवसा धरू नका. त्यामुळे रस्ता, इमारत किंवा तळं यासाठी नाहीतरी खणली जाणार आहे अशी जागा शोधा आणि मालकाची लेखी परवानगी घ्या. नमुन्याच्या घरासाठी चांगला माळ सोलणं हे आमच्या मते समर्थनीय नाही.

हिशेब

वीट १ फूट रुंद, २ फूट लांब, ४ इंच जाड धरा. तिचं वजन साधारण ५० पौंड, म्हणजे २२-२३ किलो. बाहेरून १६ बाय २० फुटांचं घर, भिंत २ फूट जाड आणि ७ फूट उंच, एक दार, दोन खिडक्या, असं धरलं तर निव्वळ भिंतीला १२५० च्या आसपास विटा लागतात. इतिहासाच्या पुस्तकांत याच मापाच्या घराला ३००० विटा लिहिलेल्या सापडतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. भिंत ३ फुटी घेतली, वीट दबून ३ इंचांवर आली आणि छपराचा थर व तूटफूट धरली की आकडा तीन हजारांकडे जातो. ३००० विटांचं वजन भरतं सुमारे ६८ टन. म्हणून सॉड कापायची जागा घराला लागून हवी. मैलभर लांबून आणायची ठरवलीत तर काम तिथंच संपतं.

जमीन किती लागेल? ३००० विटांचं क्षेत्र ६००० चौरस फूट, म्हणजे साडेपाच गुंठे. ‘एका घराला एकर लागतो’ हे विधान सरसकट केलं जातं, ते या हिशेबात बसत नाही. पण सगळा पट्टा वापरण्याजोगा निघत नसतो. दगड, उंदरांची बिळं, काटेरी झुडपांच्या गाठी यांत बराच भाग वाया जातो. दुप्पट जागा धरून चाला.

पैशांचा खर्च मात्र खरोखर नगण्य होता. १८७२ मधल्या नेब्रास्कातल्या एका १४ फूट चौरस घराची नोंद बऱ्याच ठिकाणी दिलेली असते: खिडकी सव्वा डॉलर, दाराचं लाकूड ५४ सेंट, कडी-बिजागऱ्या ५० सेंट, धुरांड्याच्या नळीचा तुकडा ३० सेंट, ३ पौंड खिळे साडेएकोणीस सेंट. एकूण २ डॉलर साडेअठ्ठ्याहत्तर सेंट. भिंतीच्या नावावर एक पैसाही नाही.

जागा आणि पहिला थर

सखल जागा टाळा. पाण्यापासून फार लांब नको, पण ओढ्याच्या पुराच्या पट्ट्यातही नको. थोड्या उंचवट्यावर, दाराचं तोंड दक्षिणेला, उत्तरेकडच्या वाऱ्याला भिंतीची पाठ. टेकडीच्या कुशीत अर्धवट खणलेलं घर म्हणजे डगआउट, ते आणखी कमी कष्टात होई. पण मागच्या भिंतीत सतत ओल मुरे, म्हणून बऱ्याच कुटुंबांनी पहिला हिवाळा डगआउटमध्ये काढून मग सॉडी बांधली.

या घरांना पाया नसे. घराच्या जागेवरचं गवत खरवडून काढा, जमीन पाणसळीत आणा आणि चोपा. कोपऱ्यात खुंट्या ठोकून दोरी ताणा. दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले तरच कोन काटकोन. नमुन्याच्या घराला आज खडीचा उथळ पाया द्यायला हरकत नाही. खडीतून ओल वर चढत नाही आणि सगळ्यात खालचा थर वाचतो. मूळ पद्धतीशी ही तडजोड आहे, पण करण्याजोगी आहे.

भिंत

विटा गवताची बाजू खाली करून ठेवायच्या. गवत दाबलं जाऊन खालच्या विटेशी गादीसारखं बसतं आणि फट बुजते. वर येते ती नांगरानं कापलेली सपाट बाजू, तिच्यावर सुटी माती पसरून उंच-सखल भाग भरता येतो. ही माती दर थराला भरायचीच. सांध्यात राहिलेली फट म्हणजे उंदराला आयतं दार.

२ फुटी भिंतीत दोन विटा शेजारी-शेजारी लांबीच्या दिशेनं ठेवा. वरच्या थरात सांधेमोड करा. खालच्या सांध्यावर वरचा सांधा येता कामा नये. गवंड्याला हे सांगावं लागत नाही, हौशी माणसाला दर थराला सांगावं लागतं. प्रत्येक तिसऱ्या किंवा चौथ्या थराला विटा आडव्या टाका, म्हणजे एकच वीट आतल्या बाजूपासून बाहेरच्या बाजूपर्यंत जाईल. हा बांधणीचा थर चुकला तर भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पापुद्रे होतात आणि वर्षभरात ते एकमेकांपासून सुटतात. फुगलेली सॉड भिंत दिसली की नव्वद टक्के वेळा आत हीच चूक सापडते. ३ फुटी भिंतीला विटा ३ फूट लांबीच्याच घ्या, नाहीतर आडव्या थरात वीट पुरत नाही.

कोपऱ्यात एका थराला एका भिंतीची वीट टोकापर्यंत न्या, दुसऱ्या थराला दुसऱ्या भिंतीची. त्यातून टोकदार लाकडी खुंटे वरून ठोकले तर कोपरे आणखी पक्के होतात. चार-पाच थर झाले की ओळंबा लावा. धारदार फावड्यानं भिंतीच्या दोन्ही बाजू तासून सरळ करा. तासणं शेवटी एकदम करू असं म्हणून पुढं ढकललं जातं आणि मग वरचा भाग खालच्यापेक्षा बाहेर आलेला निघतो.

भिंत वर जाताना किंचित आत झुकवली, म्हणजे पायथ्याला रुंद आणि माथ्याला अरुंद ठेवली, तर ती जास्त टिकते. सस्कॅचवानमधल्या किंडर्सलीजवळचं ॲडिसन सॉड हाउस याचं उत्तम उदाहरण आहे. इंग्लंडहून आलेल्या जेम्स ॲडिसन यांनी ते १९०९ ते १९११ मध्ये बांधलं. निमुळत्या होत गेलेल्या जाड भिंती हेच त्याच्या बांधणीचं वैशिष्ट्य आहे.

दिवसाला तीन-चार थरांपेक्षा जास्त चढवू नका. खालच्या ओल्या विटांवर एकदम भार आला की त्या एका बाजूला सरकतात.

दार-खिडकी

सात फुटांची नवी भिंत पहिल्या वर्षात सहा इंच किंवा जास्तही खाली बसते. लाकडी चौकट मात्र तशी खाली बसत नाही. या एका गोष्टीचं भान न ठेवल्यानं काचा फुटतात, दारं अडकतात आणि चौकटी वाकतात.

उपाय जुन्या लोकांना ठाऊक होता. चौकट आधी जागेवर टेकवून उभी करायची, तिच्या दोन्ही बाजूंनी भिंत वर आणायची आणि चौकटीला भोकं पाडून लाकडी खुंट्या सॉडमध्ये ठोकायच्या. चौकटीच्या माथ्यावर सहा ते आठ इंच मोकळी जागा सोडायची. त्या पोकळीच्या वर सिडारचे दोन-तीन जाड वासे आडवे टाकायचे, ते दोन्ही बाजूंना भिंतीत किमान फूटभर गेले पाहिजेत. पुढचे थर या वाशांवर. पोकळी चिंध्या, गवत किंवा कागद यांनी सैल भरायची. भिंत बसत जाते तशी ती भरण दाबली जाते आणि काच सुखरूप राहते. जुन्या घराच्या खिडकीवर ही पोकळी पूर्ण मिटलेली दिसली तर भिंत बसून झाली असं समजा.

खिडकी भिंतीच्या बाहेरच्या कडेला लावा, म्हणजे बाहेर पाणी साठायला कट्टा उरत नाही आणि आत दोन फुटांचा ओटा मिळतो. आतल्या बाजूनं भिंत तिरकी कापून खिडकीचं तोंड रुंद करा. जाड भिंतीत सरळ कापलेली खिडकी उजेडाचा फक्त एक पट्टा आत सोडते.

छप्पर

इथंच बहुतेक घरं हरली.

साधी पद्धत अशी: घराच्या लांबीला मधोमध आढं, त्याखाली दोन टोकांना आणि मध्ये बेळक्याचे खांब. आढ्यापासून भिंतीपर्यंत सिडारचे किंवा कॉटनवुडचे वासे, त्यांवर विलोच्या फांद्या, त्यावर माळाचं लांब गवत आणि सगळ्यात वर सॉडचा थर. ४ इंची सॉड चौरस फुटाला २५ पौंड भार टाकते, भिजली की ३५ च्या घरात जाते. सज्जासकट ४०० चौरस फुटांचं छप्पर धरलं तर एका थराचेच साडेचार टन, पाऊस पडल्यावर सहा-साडेसहा. त्यावर हिवाळ्यातला बर्फ वेगळा. आढं मोडून माणसं दबल्याच्या घटना याच हिशेबातून घडत. नमुन्याच्या घरात लोक ये-जा करणार असतील तर आढं आणि वासे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतल्याशिवाय छपरावर एकही वीट चढवू नका.

उतार ४ फुटांना १ फूट याच्या आसपास ठेवा. जास्त चढ असेल तर विटा घसरतात, कमी असेल तर पाणी तिथंच मुरतं.

एवढं करूनही सॉडचं छप्पर गळतंच. मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवदावर पांढरी माती टाकून दर पावसाळ्याआधी ती चोपतात. बारीक कणांची ती माती ओली झाली की मिटते आणि पाणी वरून निघून जातं. सॉडमध्ये नेमकं उलटं होतं. ज्या मुळांमुळे वीट एकसंध राहते, तीच मुळं कुजल्यावर त्यांच्या जागी बारीक नळ्या उरतात आणि पाणी त्यांतून झिरपतं. छप्पर ओल धरून ठेवतं, त्यामुळे बाहेर ऊन पडलं तरी आत दिवसभर चिखलाचे थेंब पडत राहतात. कोरड्या दिवसांत माती झडते, कधी उंदीर किंवा सापही खाली पडतो. म्हणून बायका वाशांखाली मलमलीचं किंवा चीजक्लॉथचं कापड ताणून बांधत. संग्रहालयांत दिसणारं पांढरं छत ते हेच; ते शोभेसाठी नव्हतं.

पैसे हाती येताच लोक पहिली सुधारणा छपरात करत: फळ्या, डांबरी कागद आणि वर लाकडी शिंगल्स, म्हणजे कौलांसारखे पातळ लाकडी तुकडे. फळ्या आणि सॉड यांच्यामध्ये डांबरी कागद घातला तरी गळती बरीच कमी होते. नमुन्याचं घर बांधताना फळ्यांवर जलरोधक पडदा घालून वर सॉड अंथरा. बाहेरून रूप जुनंच राहतं. सज्जा किमान १८ इंच, जमलं तर २४ इंच पुढं काढा. पागोळ्यांचं पाणी भिंतीला स्पर्श न करता जमिनीवर पडलं पाहिजे.

धुरांड्याची नळी छपरातून जाते तिथं रुंद लोखंडी गळपट्टी आणि तिच्याभोवती मोकळी जागा ठेवा. भिंती जळत नाहीत. माळाला वणवा लागला की सॉडी हा आसरा असे. पण फांद्या-गवताचं सुकं अस्तर ठिणगीनं पेट घेतं. शेणकुट, मक्याची कणसं आणि पीळ घातलेलं गवत हे इथलं जळण, त्यातून ठिणग्या भरपूर उडत.

आतून

भिंत बसेपर्यंत गिलावा करू नका, किमान सहा महिने थांबा. नाहीतर गिलावा भिंतीबरोबर खाली येत नाही, पोट काढतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. नंतर भिंत पुन्हा एकदा तासा, ओली करा आणि चिकणमाती-वाळूचा हात द्या. वर चुन्याची सफेदी. चुन्यानं उजेड वाढतो आणि किडे-पिसवाही कमी होतात. चोपलेली जमीन केरसुणीनं झाडताना धूळ उडते, त्यामुळे आधी थोडं पाणी शिंपडा.

काळानुरूप आतली मांडणी करायची असेल तर सॉलोमन बुचर यांची छायाचित्रं पाहा. १८८६ पासून त्यांनी नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत घरोघर फिरून सॉड हाउसं टिपली. आत उजेड पुरत नसल्यानं कुटुंबं आपलं सामान, कधी अख्खा ऑर्गनसुद्धा, अंगणात मांडून फोटोला बसत. भिंतीतले आडवे थर, खिडकीवरचे वासे, छपरावर उगवलेलं गवत या फोटोंत स्पष्ट दिसतं. पुस्तकातल्या रेखाटनांपेक्षा या फोटोंवर जास्त विश्वास ठेवा.

जुनं घर टिकवायचं असेल तर

दुर्लक्षित सॉड छप्पर पाच-सात वर्षांत जातं. छप्पर गेलं की भिंती फार काळ उभ्या राहत नाहीत. जी घरं आज शंभरी ओलांडून उभी आहेत, त्यांच्या भिंतींना कुणीतरी वेळेत झाकलं होतं. झाकण्याच्या पद्धती मात्र वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीची किंमत मोजावी लागते.

ओक्लाहोमात अलाइन गावाजवळ मार्शल मॅकली यांनी १८९४ मध्ये बांधलेलं दोन खोल्यांचं घर आहे. १८९३ मध्ये चेरोकी आउटलेट या पट्ट्यातली जमीन वसाहतीला खुली झाली तेव्हा ते आले आणि आधी डगआउटमध्ये राहिले. कुटुंब १९०९ पर्यंत या घरात होतं. आज हे सगळं घर एका इमारतीच्या आत आहे. पाऊस, वारा, पाणी गोठणं यांपासून पूर्ण सुटका झाली, पण घराचा माळाशी संबंध तुटला. शिवाय बंद इमारतीतली हवा कोरडी पडली तर भिंत पीठासारखी झडू लागते. अशा ठिकाणी आर्द्रतेचे चढ-उतार कमीत कमी ठेवणं हेच मुख्य काम, कारण ओल-सुकीच्या फेऱ्यांनीच सॉड सर्वांत जास्त सुटते.

नेब्रास्कात कॉमस्टॉकजवळचं डाउस सॉड हाउस १९०० चं. त्यात १९५९ पर्यंत माणसं राहत होती आणि १९८० च्या दशकात त्याची डागडुजी होऊन ते लोकांना खुलं झालं. ते उघड्या माळावर आपल्या मूळ जागी आहे, म्हणून घर आणि भोवतालचा प्रदेश एकत्र पाहायचा तर तिथंच जावं. ॲडिसन घराच्या बाहेरच्या बाजूला आवरण चढवलेलं आहे. दुरून ते साधं लाकडी घर वाटतं. खिडकीच्या जाडीवर नजर गेली की भिंत कशाची आहे ते कळतं.

उघड्यावरच्या घराच्या देखभालीचा क्रम असा ठेवा. आधी छप्पर. पावसाळी हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी आतून टॉर्च मारून वाशांवर, आढ्याच्या टोकांवर आणि धुरांड्याभोवती ओलीचे डाग पाहा. लाकूड ज्या ठिकाणी भिंतीत शिरतं तिथं ते कुजतं. बारीक सुळा टोचून पाहा, सहज आत गेला तर लाकूड गेलं.

मग पायथा. भिंतीपासून दहा फुटांपर्यंत जमिनीला बाहेरच्या दिशेनं किमान सहा इंचांचा उतार हवा. वर्षानुवर्षं माती साठून हा उतार उलटा होतो आणि पाणी भिंतीकडे येतं. भिंतीलगत फुलझाडं लावून रोज पाणी घालण्याची हौस बऱ्याच ठिकाणी दिसते. ती ताबडतोब बंद करा. खालचे दोन-तीन थर ओले राहिले की हिवाळ्यात त्यातलं पाणी गोठून फुगतं, वितळताना माती गळते, भिंतीचा पाय आत खाल्ला जातो आणि वरचा भाग बाहेर झुकतो.

सिमेंटचा गिलावा हा भिंतीला लागलेला सर्वांत मोठा शत्रू म्हणावा लागेल. तो मजबूत दिसतो म्हणून पूर्वी अनेकांनी केला. सॉड हलते, सिमेंट हलत नाही. केसाएवढी भेग पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट मिळत नाही. आतली माती कुजून खाली बसते आणि वर्षानुवर्षं सिमेंटचं टरफल तेवढं उभं दिसतं. भिंतीवर ठोकून पोकळ आवाज येणारी जागा खडूनं आखून ठेवा. जुना सिमेंट गिलावा मात्र एकदम उपटू नका, त्याच्याबरोबर भिंतीची बाजूच निघून येईल. लहान भाग, आधार देऊन. नवा गिलावा चुन्याचा किंवा चिकणमातीचा.

बिळं बुजवताना नुसती माती कोंबून उपयोग नाही, प्राणी पुन्हा उकरतो. बारीक डोळ्याची जस्ती जाळी आत बसवून वर माती चोपा, आणि पायथ्याभोवती तीच जाळी जमिनीत फूटभर खोल उभी गाडा. आत प्राणी नाही याची खात्री करूनच बीळ बंद करायचं.

भेगांच्या दोन्ही बाजूंना पितळी टाचण्या बसवा आणि दर तीन महिन्यांनी त्यांतलं अंतर मोजून तारखेसह लिहा. ऋतूप्रमाणे अंतर कमी-जास्त होणं साधं आहे. सलग एकाच दिशेनं वाढत असेल तर भिंत चालायला लागली. वर्षातून चार फोटो, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. पाहुण्यांना भिंतीला हात लावू देऊ नका. दाराच्या कडेची भिंत पावसापेक्षा माणसांच्या खांद्यांनी जास्त झिजते. तिथं कठडा लावावा.

कुजलेली वीट बदलताना

एका वेळी तीन फुटांपेक्षा रुंद भाग उघडू नका, आणि शेजारच्या भागाला हात लावण्याआधी पहिला बसू द्या. वरच्या थराला फळी आणि टेकू द्या. कुजलेली माती लांब पात्याच्या सुरीनं कापून काढा, कुदळीचे हादरे नकोत. चांगली मुळं लागेपर्यंत आत जा, मग पोकळीच्या बाजू चौकोनी करा आणि हलकं पाणी मारा.

नवी वीट पोकळीपेक्षा अर्धा इंच मोठी कापा, गवत खाली करून दाबत आत सरकवा. वरच्या फटीत जराशा ओल्या मातीत चिरलेली मुळं कालवून लाकडी पट्टीनं ठासा. ही ठासण सैल राहिली तर वरचा भार नव्या विटेवर येत नाही आणि वरचा थर एका बाजूला तुटतो. टेकू दोन आठवडे तरी काढू नका, काढताना रोज थोडा सैल करा. नव्या भागावर गिलावा लगेच करायचा नाही. एक पूर्ण हिवाळा तो बसू द्या. तोवर वरून तिरका पत्रा लावून पाणी अडवा, पण पत्रा भिंतीला टेकवू नका, मध्ये चार बोटं हवा खेळती राहू द्या.